वडिलांसाठी टॉर्च घेताना आधी बटण बघा

प्रश्न थोडक्यात असा: जुन्नर तालुक्यात शेती, वडील सत्तरीचे. थ्री फेज वीज रात्रपाळीला आली की मोटर चालू करायला आणि ऊस-कांद्याला पाणी द्यायला रात्री रानात जावं लागतं. आजवर घेतलेले टॉर्च एक तर वर्षभरात मेले, नाहीतर त्यांच्या बटणांना वडील वैतागले. ‘दहा हजार लुमेन, पाच मोड, झूम’ अशा जाहिरातींतून निवडायचं कसं, बटण साधं म्हणजे नेमकं कसं, आणि तोच टॉर्च मला ट्रेकला चालेल का?

एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे सेल आणि एलईडी यांच्यामधलं सर्किट, बनवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. ओळखीपाळखीतले बंद पडलेले टॉर्च उघडून बघणं हा त्याला आपोआप चिकटलेला उद्योग. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच घ्या: लुमेनचा, म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचा, आकडा सगळ्यात शेवटी बघा आणि बटण सगळ्यात आधी. ओल्या हाताने, दुसऱ्या हातात खोरं असताना, न बघता बटण दाबलं की दर वेळी तेच घडलं पाहिजे. हे ज्या टॉर्चला जमत नाही, तो कितीही प्रखर असला तरी रानात नेण्याच्या लायकीचा नाही.

वडील कशाला वैतागले असतील याचा अंदाज आहे. स्वस्त टॉर्चमधलं मागचं बटण वीज तोडतं आणि जोडतं, बाकी त्याला काही कळत नाही. आतली चिप फक्त ‘आत्ता वीज गेली होती, लगेच परत आली’ एवढं ओळखते आणि पुढच्या मोडवर उडी मारते. प्रखर, मग मंद, मग लुकलुक, मग एसओएस. म्हणजे बंद करून दोन सेकंदांत पुन्हा लावला की हातात डिस्को. माणसाला हवा असतो उजेड, आणि टॉर्च त्याला यादी वाचून दाखवतो. यात वडिलांचं वय आड येत नाही. ज्याने हे बटण ठरवलं त्याने तो टॉर्च अंधारात वापरून पाहिलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

बटणाचे प्रकार नीट समजून घ्या, कारण खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. मागच्या टोकाला असलेल्या यांत्रिक बटणात दोन जाती आहेत. एकीत बटण अर्धवट दाबलं, अजून ‘कट्’ आवाज झालेला नाही, तरी दिवा लागतो आणि सोडलं की विझतो. पूर्ण दाबलं की लागून राहतो. दुसरीत आधी ‘कट्’ व्हावं लागतं, बोट सुटल्यावर दिवा लागतो, आणि चालू असताना अर्धवट दाबलं की मोड बदलतो. पहिली जात मला कितीतरी जास्त आवडते. विहिरीत डोकावायचंय, स्टार्टरचा दिवा बघायचाय, पलीकडच्या बांधावरच्या माणसाला खूण करायचीय, अशा वेळी क्षणभर दाबायचं आणि सोडायचं. दुसऱ्या जातीत हात नुसता घट्ट झाला तरी उजेड बदलतो.

तिसरा प्रकार बाजूला असलेल्या इलेक्ट्रॉनिक बटणाचा. ते फक्त चिपला इशारा देतं, त्यामुळे एकाच बटणात वाटेल तेवढी कामं कोंबता येतात. हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा रोग. चौथा प्रकार म्हणजे गळ्याशी फिरणारी रिंग. फिरवाल तसा उजेड कमी-जास्त होतो, आणि कुठल्या खाचेत आहे ते बोटाला कळतं. आणि पाचवं, आपल्या आजोबांच्या पितळी टॉर्चवर असायचं ते सरकतं बटण. त्याला आज कोणी विचारत नाही, पण चालू आहे की बंद हे त्यावर नुसता अंगठा ठेवून समजायचं. पिशवीत टॉर्च चुकून चालू राहिलाय का, हे न बघता सांगणारी आजची किती बटणं आहेत?

वडिलांसाठी माझी पसंती स्पष्ट आहे: मागे पहिल्या जातीचं बटण फक्त चालू-बंद करायला, आणि बाजूला वेगळं छोटं बटण उजेडाची पातळी बदलायला. रोजच्या कामात बाजूच्या बटणाला त्यांनी हातच लावला नाही तरी काही अडणार नाही. रिंगवाला चांगला मिळाला तर तोही उत्तम, फक्त चिखल-मातीत रिंग अडकायला लागते हे लक्षात ठेवा. बाजूला एकच इलेक्ट्रॉनिक बटण असलेला घ्यावाच लागला, तर त्याचं वागणं असं हवं: एकदा दाबलं की चालू, पुन्हा एकदा दाबलं की बंद, मग तो कुठल्याही पातळीवर असो. चालू असताना दाबून धरलं की उजेड बदलतो. बंद असताना दाबून धरलं की सगळ्यात मंद. पटकन दोनदा दाबलं की पूर्ण ताकद. यापलीकडचं सगळं तीन-चार दाबांच्या मागे दडलेलं हवं. लुकलुक तर नसलीच तरी उत्तम.

पहिल्या दाबाला किती उजेड यावा, यावर टॉर्चवेड्यांमध्ये वाद चालतात. काहींना आधी मंद हवा, काहींना आधी पूर्ण, काहींना ‘मागच्या वेळी होता तोच’. माझ्या मते शेतासाठी मधला, साधारण १०० ते १५० लुमेन, आणि दर वेळी तोच. पूर्ण ताकदीने सुरू झाला तर खोपीतल्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि अंधाराला सरावलेली नजर जाते. ती पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. मंदवर सुरू झाला तर पायाजवळ खसफस झाली त्या क्षणी उजेड अपुरा पडतो. ‘मागचा होता तोच’ हा प्रकार एकट्या माणसाच्या टॉर्चला ठीक आहे. घरात चौघं वापरत असतील तर कोणी काय ठेवून गेलंय याची खात्री उरत नाही.

पातळ्या तीन पुरेत, पण त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट करावे लागतात. ४००, ६०० आणि ८०० लुमेन अशा तीन पातळ्या देणारा टॉर्च खरं तर एकच पातळी तीनदा देतोय. ५, १२० आणि ६०० ही मांडणी कामाची: पहिली घरात कोणाला न उठवता फिरायला, दुसरी चालायला, तिसरी लांब बघायला.

आता लुमेनच्या आकड्याचं काय करायचं. शाळेतल्या गणिताने त्याचा निकाल लागतो. १८६५० नावाचा लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगला असेल तर ३५०० एमएएचच्या आसपास असतो (एमएएच म्हणजे सेलच्या साठवणीचं माप). त्याचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. गुणाकार केला की साधारण साडेबारा वॉट-तास. चांगला एलईडी आणि चांगला ड्रायव्हर मिळून मध्यम उजेडाला एका वॉटमागे १०० ते १२० लुमेन देतात. म्हणजे या सेलमध्ये सगळे मिळून तेराशे-चौदाशे लुमेन-तास आहेत. १०० लुमेनने वापरा, रात्रभर पुरेल. ३०० ने वापरा, चार तास. दहा हजार लुमेन हवे असतील तर शंभरेक वॉट लागतील, म्हणजे त्या एका सेलमधून २८ अँपियर ओढावे लागतील. आणि त्या शंभर वॉटपैकी अर्ध्याहून जास्त उष्णता होऊन तुमच्या तळहाताला लागेल. तेव्हा एका सेलच्या टॉर्चवर १०,००० लिहिलेलं दिसलं की तो विक्रेता बाकी कशाबद्दल खरं बोलेल याचा विचार करा. सेलवरच ९९०० एमएएच छापलेलं असेल तर तोही तिथेच ठेवून या. त्या आकाराचा असा सेल नसतो.

नामांकित कंपन्यांचे आकडे खोटे नसतात, पण ते वाचायला शिकावं लागतं. टॉर्चसाठी एफएल १ नावाचं अमेरिकन मानक २००९ मध्ये आलं. त्यानुसार लुमेन मोजतात ते दिवा लावल्यावर ३० सेकंदांपासून २ मिनिटांच्या आत. आणि किती वेळ चालतो हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘१००० लुमेन, ६ तास’ याचा अर्थ पहिली तीन मिनिटं हजार, मग गरम झाल्यामुळे तीनशे, आणि शेवटी कसाबसा शंभर असाही असू शकतो. हे नियमात बसतं. म्हणून खोक्यावर उजेडाचा आलेख दिलेला असेल तर तो बघा. सपाट रेघ चांगली, घसरगुंडी वाईट. झोताचा पल्लाही असाच: जिथे उजेड पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर छापतात. २०० मीटर लिहिलं असेल तर ७०-८० मीटरवरचं नीट ओळखू येईल एवढं धरा.

आणि खरं सांगायचं तर पाणी धरणाऱ्या माणसाला २०० मीटर हवेतच कशाला? त्याला हवे पायापुढचे दहा मीटर, रुंद, सावकाश मंद होत जाणारे. झूमचे टॉर्च इथे सपशेल नापास. पुढचं भिंग सरकवून झोत बारीक केला की मधे एक चौकोनी ठिपका दिसतो आणि बाजूला काळोख. उजेडाचा मोठा हिस्सा तर टॉर्चच्या डोक्याच्या आतच वाया जातो. ते सरकतं डोकं पाण्याला आणि धुळीला आत यायची वाटही देतं. साधा परावर्तक असलेला टॉर्च घ्या, शक्यतो संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग असलेला. त्याने मधला ठिपका आणि भोवतालचा उजेड एकमेकांत मिसळतात.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा टॉर्च घ्यायचा, ती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. बहुतेक खेड्यांतली. घोणस आणि फुरसं हे दोन्ही मातीच्या-पाचोळ्याच्या रंगाचे, आणि माणूस जवळ आला तरी बऱ्याचदा जागचे हलत नाहीत. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. अशा जनावराला बघायचं तर नुसता जास्त उजेड उपयोगी नाही, रंग वेगळे ओळखू येणारा उजेड हवा. बाजारातले स्वस्त एलईडी निळसर पांढरे, ६५०० केल्विनच्या आसपासचे असतात (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्यांत लुमेनचा आकडा मोठा भरतो, पण तपकिरी, तांबूस आणि करडा सगळे राखाडीकडे झुकतात. ४००० ते ५००० केल्विनचा आणि रंगदर्शकता निर्देशांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वर असलेला एलईडी घ्या. लुमेन थोडे कमी मिळतील, पण वाळलेल्या उसाच्या पाचटावर घोणशीचे ठसे ठसे म्हणून दिसतील. उतारवयात डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर निळसर उजेड डोळ्यांत विखुरतो, तोही त्रास कमी होतो. किडेही पिवळसर उजेडावर कमी येतात.

टॉर्च धरायचा कसा हेही यातच येतं, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. साप शोधायचा तर टॉर्च कमरेच्या खाली, जमिनीशी तिरपा धरा. तिरप्या उजेडाने प्रत्येक ढेकळाची, प्रत्येक फुगवट्याची लांब सावली पडते आणि वेटोळं उठून दिसतं. कपाळावरच्या दिव्याने सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. पण बिबट्याच्या बाबतीत बरोबर उलट. जुन्नरकरांना हे सांगायची गरज नाही की उसात काय असू शकतं. बिबट्याच्या डोळ्यामागचा थर उजेड आल्या वाटेने परत पाठवतो, म्हणून ते चमकणं फक्त दिवा तुमच्या नजरेच्या रेषेत असला तरच दिसतं. तेव्हा बांधावर पोचल्यावर आधी टॉर्च डोळ्यांजवळ धरून पूर्ण उजेडाने कडेकडेने सावकाश फिरवा, दोन हिरवट-पिवळे ठिपके दिसतात का बघा, आणि मग टॉर्च खाली आणून मधल्या उजेडावर चालायला लागा. वडिलांना पूर्ण उजेड पटकन मिळणं आणि पटकन परत मधल्यावर येणं का गरजेचं आहे ते आता लक्षात येईल. साप मात्र डोळे चमकून दिसत नाहीत. पानापानांत चमकणारे बारीक ठिपके बहुतेक कोळ्यांचे असतात. आणि गमबूट व काठी टॉर्चच्या आधी. टॉर्च त्यांची जागा घेत नाही.

सेलचा विषय थोडा बारकाईने बघू, कारण ‘वर्षभरात मेला’ याचं कारण नव्वद टक्के वेळा तिथे असतं. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचा टॉर्च घ्या. त्यात बहुधा ४ व्होल्टची शिसं-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी करून महिनाभर तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा उभी राहत नाही. पावसाळ्यात वापरला, दिवाळीपर्यंत कपाटात, आणि मग मेलेला. तो टिकवायचा असेल तर न वापरताही महिन्यातून एकदा चार्ज करायला हवा. याहून गंभीर गोष्ट अशी की यांतल्या बऱ्याच टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर घालून २३० व्होल्ट थेट आत घेतलेले असतात. म्हणजे चार्जिंगला लावलेला असताना आतली प्रत्येक तार मेन लाइनशी जोडलेली. कवच तडकलेलं असेल आणि हात ओले असतील तर तो झटका साधा नसतो. असा टॉर्च घरात असेल तर चार्ज होताना त्याला हात लावायचा नाही आणि त्याचं बटणही दाबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

लिथियमवर जावं हे माझं मत. एकच सेल, १८६५० किंवा २१७००. दुसरा जरा जाड, साधारण ५००० एमएएचचा, आणि वडिलांच्या मुठीला तो जास्त बरा बसेल. दोन-तीन सेल एकामागे एक घालायचे टॉर्च टाळा. एक जुना आणि एक नवा असे घातले गेले की कमजोर सेल मर्यादेच्या खाली ओढला जातो, आणि लिथियमच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. सेल काढता येणारा हवा. आत कायमचा बसवलेला सेल तीन-चार वर्षांनी थकला की अख्खा टॉर्च भंगारात. उलटा घातला तरी सर्किट जळू नये, ही सोय आहे का ते विचारा. सुटा सेल खिशात चिल्लर आणि चाव्यांबरोबर ठेवायचा नाही. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा.

चार्जिंग टाइप-सीचं असेल तर दुकानातच दोन वायरींनी करून बघा. स्वस्त टॉर्चमध्ये त्या सॉकेटमागचे दोन पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने तो चार्जच होत नाही, जुन्या चपट्या यूएसबीच्या वायरीनेच होतो. घरी आल्यावर लोक म्हणतात टॉर्च खराब निघाला. टॉर्च ठीक असतो, बचत नडलेली असते. रबरी बूच सॉकेटवर घट्ट बसतंय ना, तेही तिथेच बघा. पाणी आत जाण्याची ती पहिली जागा.

साध्या पेन्सिल सेलवर चालणाराही एक घरात असावा, कारण ते सेल वाडीवरही मिळतात. मात्र सेल आत ठेवून तो कपाटात टाकू नका. अल्कलाइन सेल गळतो आणि आतून निघालेलं क्षार स्प्रिंग खाऊन टाकतं. गळलाच असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसा, मग कोरडं करा. निकेल-मेटल हायड्राइडचे, चार्ज धरून ठेवणारे सेल वापरले तर ही कटकट जवळपास संपते.

सेल संपत आल्यावर टॉर्च कसा वागतो, हे मी नियंत्रणाचाच भाग मानतो. वाईट टॉर्च न सांगता विझतो, तेही नेमका ओढ्यात. चांगला टॉर्च आधी एक-दोनदा डोळा मिचकावतो, मग उजेड एकेक पायरी कमी करत नेतो, आणि शेवटी मंद उजेडावर घरी पोचण्यापुरता वेळ देतो. साधारण २.८ ते ३ व्होल्टला तो स्वतःहून बंद व्हायला हवा, नाहीतर सेल कायमचा जायबंदी होतो. बटणाखाली हिरवा-लाल छोटा दिवा असेल तर फार सोयीचं. चालू करतानाच लाल दिसला की वडील दुसरा सेल घेऊन निघतील.

इलेक्ट्रॉनिक बटणाचा एक छुपा खर्च आहे. बंद असतानाही चिप जागी असते. चांगल्या सर्किटमध्ये ती २०-३० मायक्रोअँपियर घेते, त्याची फिकीर नको, वर्षानुवर्षं काही होत नाही. पण वाईट सर्किट एक मिलिअँपियर खातं, आणि मग ३५०० एमएएचचा भरलेला सेल पाच महिन्यांच्या आत आपोआप रिकामा. उपाय सोपा: मागचं झाकण पाव फेरा सैल करायचं. आटे अनोडाइज केलेले, म्हणजे वीज न जाऊ देणारा थर चढवलेले असतील तर तेवढ्यानेही संपर्क तुटतो. याच युक्तीने टॉर्च पिशवीत चुकून लागणंही थांबतं. हजार लुमेनचा टॉर्च कापडात गुंडाळलेला चालू झाला तर कापड करपवतो, हे गमतीत घेऊ नका.

दुकानात करायच्या दोन-तीन चाचण्या सांगतो. टॉर्च मंद उजेडावर लावून फिरत्या पंख्यावर मारा. पाती थांबल्यासारखी किंवा तुटक दिसली तर सर्किट दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करतंय. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे दिसले तरी तेच. रात्रभर वापरला तर काहींचं डोकं दुखतं, आणि पावसाचे थेंब ठिपक्या-ठिपक्यांनी दिसतात. मग टॉर्च हलवा, आत काही खुळखुळतंय का ऐका. झाकण उघडून आट्यांजवळ रबरी रिंग आहे का बघा. नसेल तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो पाणी रोखणार नाही. पाणी-धूळ किती रोखली जाते हे सांगणारा आयपी आकडा शेतासाठी आयपी६७ किंवा आयपीएक्स८ हवा, आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरता. शेवटी डोळे मिटून हातात घ्या आणि बटण शोधा. अंगठा चाचपडत राहिला तर परत ठेवून द्या. गोल गुळगुळीत अंगाचा टॉर्च बांधावरून घरंगळत पाटात जातो, तेव्हा कडा किंवा क्लिप असलेला आणि दोरी ओवायला भोक असलेला घ्या. मागचा भाग सपाट असेल तर वीज गेल्यावर उभा ठेवून छतावर उजेड मारता येतो, सगळं घर पुरेसं उजळतं. तळाला चुंबक असेल तर स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटवून दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त वडिलांना पेसमेकर असेल तर चुंबकवाला नको.

ट्रेकचं वेगळं. कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात लागतात, तिथे कपाळावरचा दिवाच हवा, हातातला टॉर्च जोडीला. पावसाळ्यात धुकं दाटलं की कपाळावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा तो काढून हातात, गुडघ्याच्या उंचीला धरायचा, वाट लगेच दिसायला लागते. भंडारदऱ्याकडे मे-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर सगळ्यात मंद पातळी एक लुमेनच्या खाली जाते का ते पाहा, आणि तीही फक्त पायापुरती. काजव्यांवर झोत मारणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. लुकलुकीचा एसओएस मोड मला आजवर कोणाच्या कामी आलेला दिसला नाही. त्यापेक्षा मदत मागण्याची खूण लक्षात ठेवा: मिनिटाला सहा वेळा झोत, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. हे पहिल्या जातीच्या अर्धवट दाबाच्या बटणाने सहज होतं.

तुम्हाला स्वतःला हौस असेल तर अँड्युरिल नावाचं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर असलेला टॉर्च घ्या. एकदा दाबलं की चालू-बंद, धरून ठेवलं की उजेड सलग वाढत जातो, बंद असताना तीन दाबांत सेलची स्थिती, चार दाबांत कुलूप. खोलात शिरलं तर बरंच काही आहे, आणि त्यात साधं रूपही दिलेलं आहे. पण तो वडिलांच्या हातात देऊ नका. साध्या रूपातून कोणी चुकून बाहेर पडलं की फोन तुम्हालाच येईल, तोही रात्री दोनला.

म्हणून दोघांसाठी एक टॉर्च हे गणित जमवायला जाऊ नका. वडिलांना २१७०० सेलचा, मागे चालू-बंद आणि बाजूला पातळी अशी दोन बटणं असलेला, पिवळसर-पांढऱ्या उजेडाचा एक टॉर्च, सोबत डबीत एक जादा सेल आणि सेलचा वेगळा चार्जर. तुम्हाला कपाळावरचा दिवा, जमल्यास त्याच मापाच्या सेलचा, म्हणजे सुट्टीला गावी गेलात की दोघांचे सेल एकमेकांना चालतील. विमानाने जाणार असाल तर सुटे सेल हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनला द्यायच्या बॅगेत ते चालत नाहीत.